सरोवराचे अजीर्ण

पावसाळा सरून आश्विन-कार्तिकातील ऊन पडू लागले, म्हणजे गावाबाहेरच्या तळ्याकडे एकदा लक्षपूर्वक पाहा. वस्तीपासून दूर, डोंगराच्या कुशीत असलेल्या तळ्याचे पाणी नितळ असते. काठाशी उभे राहिले तर तळाचे खडेसुद्धा दिसतात. परंतु ज्या तळ्यात वस्तीचे सांडपाणी येऊन मिळते, त्याचे रूप अगदी निराळे असते. त्याच्या पाण्यावर हिरवी साय धरलेली असते. कोठे कोठे जलपर्णीचा दाट थर पसरलेला असतो. वाऱ्याच्या झुळकीबरोबर एक कुबट वास येतो आणि कधी कधी मेलेले मासे उताणे होऊन काठाला लागलेले दिसतात.

हे पाहून आपणांस वाटते, की ह्या पाण्यात कोणी तरी विष कालविले असावे. कारखान्यांतून कधी कधी खरोखरच विषारी द्रव्ये पाण्यात सोडली जातात, हेही खरे. परंतु बहुतेक वेळा तळ्याच्या ह्या दुखण्याचे कारण विष हे नसून अन्न हे असते! अति खाल्ल्याने माणसाला अजीर्ण होते, तसेच पाण्यात पोषक द्रव्ये प्रमाणाबाहेर साठली, म्हणजे तळ्यालाही अजीर्ण होते. हे अजीर्ण कसे होते आणि त्यावर उपाय काय, हे एका मोठ्या सरोवराच्या इतिहासावरून आपणांस फार चांगले समजेल. ते सरोवर आपल्या देशातील नाही. ते आहे दूर अमेरिकेत. परंतु त्याची कथा जगातील कोणत्याही गावाने ऐकावी अशी आहे.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या वायव्य भागात वॉशिंग्टन नावाचे राज्य आहे. ह्या राज्यात सिअ‍ॅटल हे मोठे शहर वसलेले आहे. शहराच्या पश्चिमेस प्यूजेट साउंड नावाची समुद्राची खोल खाडी असून पूर्वेस वॉशिंग्टन सरोवर आहे. प्राचीन काळी बर्फाच्या प्रचंड नद्यांनी जमीन कोरून हे सरोवर घडविले. त्याची लांबी सुमारे ३५ किलोमीटर असून सर्वांत खोल जागी पाणी ६० मीटरहून अधिक खोल आहे. आकाश निरभ्र असले, म्हणजे दूरवरचे रेनिअर नावाचे हिमाच्छादित शिखर सरोवराच्या काठावरून स्पष्ट दिसते. उन्हाळ्यात मुले येथे पोहावयास येतात, वडीलधारी माणसे नौका घेऊन विहार करतात आणि सामन जातीचे मासे ह्याच पाण्यात वाढून पुढे समुद्राकडे जातात.

विसाव्या शतकाच्या आरंभी सिअ‍ॅटल शहर झपाट्याने वाढत होते. शहराचे मैलापाणी जवळचा मार्ग म्हणून सरोवरातच सोडले जाई. ह्याचा उपद्रव जाणवू लागला, तेव्हा शहराने मोठे नळ टाकून आपले मैलापाणी दुसरीकडे वळविले आणि १९३०च्या दशकात सरोवराची बरीचशी सुटका झाली. परंतु ही सुटका फार दिवस टिकली नाही. १९४० साली सरोवरावर एक तरंगता पूल बांधण्यात आला. पाणी इतके खोल, की पुलाला खांब उभारणे परवडणारे नव्हते. म्हणून काँक्रीटच्या पोकळ पेट्या पाण्यावर तरंगत्या ठेवून त्यांवरून रस्ता नेला. पूल होताच पलीकडचा काठ शहराला जवळ आला आणि तेथे भराभर उपनगरे उभी राहिली. ह्या उपनगरांनी आपापली सांडपाणी-शुद्धीकरण केंद्रे बांधली. १९४१ ते १९५३ ह्या काळात अशी दहा केंद्रे झाली आणि त्या सर्वांचे पाणी सरोवरात जाऊ लागले. पुढे हे पाणी दररोज सुमारे साडेसात कोटी लिटर इतके झाले.

येथे तुमच्या मनात एक शंका येईल. हे पाणी शुद्ध करून सोडले होते ना? मग त्यापासून अपाय होण्याचे कारण काय?

शंका रास्त आहे. तिचे उत्तर मिळण्यासाठी शुद्धीकरण म्हणजे काय, हे पाहिले पाहिजे. केंद्रात आलेले मैलापाणी प्रथम मोठ्या हौदांत संथ ठेवतात; त्यामुळे जड गाळ तळाशी बसतो. नंतर त्या पाण्यात भरपूर हवा खेळवितात. हवा मिळाली, म्हणजे उपयुक्त सूक्ष्मजंतू वाढतात आणि पाण्यातील सडकी द्रव्ये खाऊन टाकतात. ह्यामुळे पाण्याची दुर्गंधी जाते व ते दिसावयास बरेच स्वच्छ होते. परंतु लाकूड जळून गेले तरी मागे राख उरतेच ना? त्याचप्रमाणे सडकी द्रव्ये नाहीशी झाली तरी त्यांतील क्षार पाण्यात विरघळलेले राहतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि त्यांना वासही येत नाही. ह्या क्षारांत दोन द्रव्ये मुख्य असतात : एक नत्र आणि दुसरे फॉस्फरस. फॉस्फरसला आपले शेतकरी स्फुरद म्हणतात. खताच्या गोणीवर ही दोन्ही नावे तुम्ही वाचली असतील. म्हणजे ‘शुद्ध’ केलेले पाणी हे एका अर्थाने पातळ खतच होते. आणि ते दररोज सरोवराला घातले जात होते.

शेताला खत घातले तर पीक जोमाने येते. सरोवराला खत घातले तर काय वाढेल? पाण्यात शैवालाच्या असंख्य सूक्ष्म जाती असतात. त्यांतील कित्येक इतक्या लहान, की सूक्ष्मदर्शकाशिवाय त्या दिसतच नाहीत. एरवी ह्या जाती अत्यंत उपकारक आहेत. सूर्यप्रकाशात त्या आपले अन्न तयार करतात. बारीक जलचर त्यांवर जगतात आणि त्या जलचरांवर मासे जगतात. परंतु खत मिळाले, म्हणजे त्यांची वाढ आटोक्याबाहेर जाते. पाणी गढूळ व हिरवट होते. सूर्यप्रकाश खोलवर पोहोचत नाही. पुढे हे शैवाल मरून तळाशी जाते व कुजू लागते. कुजविण्याचे काम करणाऱ्या जंतूंना प्राणवायू लागतो आणि तो ते पाण्यातूनच घेतात. अशा रीतीने खोल पाण्यातील प्राणवायू संपत जातो. मासे पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवरच जगतात. तो संपला, की त्यांना पळून जावे लागते, नाही तर गुदमरून मरावे लागते. जे पाणी अन्नाने समृद्ध झाले, त्याच पाण्यात उपासमार आणि मरण येते. ‘अति तेथे माती’ असे आपले वडीलधारे सांगतात, त्याचे ह्याहून स्पष्ट उदाहरण शोधूनही सापडावयाचे नाही.

आता प्रश्न असा, की हे खत थांबवावयाचे तर त्यांतील कोणते द्रव्य थांबवावे? सांडपाण्यात द्रव्ये तर पुष्कळ असतात. ती सगळीच काढावयाची म्हटली तर खर्चाला पारावार उरणार नाही. ह्याचे उत्तर आपल्या स्वयंपाकघरात मिळण्यासारखे आहे.

दिवाळीत आई बेसनाचे लाडू करावयास बसली आहे, अशी कल्पना करा. घरात बेसनाचा डबा काठोकाठ भरलेला आहे, साखरही मुबलक आहे. परंतु तूप मात्र एकच वाटी आहे. आता लाडू किती होतील? बेसन कितीही असो, साखर कितीही असो. लाडवांची संख्या ठरेल ती तुपावरून. तूप आणखी एक वाटी आणले तर लाडू दुप्पट होतील. साखर आणखी दहा किलो आणली तरी एक लाडूसुद्धा वाढणार नाही.

शैवालाचेही असेच आहे. आपले शरीर बांधण्यास त्याला सुमारे ४० भाग कर्ब, ७ भाग नत्र आणि १ भाग स्फुरद लागते. कर्ब त्याला हवेतून व पाण्यातून भरपूर मिळते. नत्रही बहुधा पुरेसे असते. शिवाय नील-हरित शैवालाच्या काही जाती हवेतील नत्र स्वतःच मिळवू शकतात. परंतु हवेतून स्फुरद मिळविण्याची सोय कोणत्याही शैवालाला नाही. ते खडक झिजून फार थोड्या प्रमाणात पाण्यात येते. म्हणून गोड्या पाण्याच्या निरोगी सरोवरात तेच सर्वांत दुर्मिळ असते. तेच ह्या लाडवांतील तूप! एका ग्रॅम स्फुरदाच्या आधाराने सुमारे ५०० ग्रॅम ओले शैवाल वाढू शकते. चिमूटभर द्रव्याने केवढा उत्पात होतो, ह्याची ह्यावरून कल्पना येईल. त्याचबरोबर आशेची गोष्टही हीच आहे; कारण हे एक द्रव्य आवरले, की शैवाल आपोआप आवरते.

आता पुन्हा वॉशिंग्टन सरोवराकडे वळू. सिअ‍ॅटलच्या विद्यापीठात डब्ल्यू. टी. एडमंडसन नावाचे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक होते. सरोवरांचा अभ्यास हा त्यांच्या आवडीचा विषय. १९५५ साली सरोवराच्या पाण्याचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासले जात असता, त्यांत लांबट धाग्यांसारखे एक शैवाल विपुल आढळले. त्याचे नाव ऑसिलेटोरिया रुबेसेन्स. सामान्य माणसाला ह्यात भिण्यासारखे काही दिसले नसते. परंतु एडमंडसन ह्यांना हे नाव ठाऊक होते. स्वित्झर्लंडमधील झुरिक सरोवरात १८९८ साली हेच शैवाल प्रकट झाले होते आणि त्यानंतर त्या सुंदर सरोवराची अवकळा होत गेली होती. दाराशी आलेला हा पाहुणा पुढे काय करणार, हे त्यांनी ओळखले.

त्या वेळी सरोवर वरवर पाहणाऱ्याला अजून ठीकच दिसत होते. पाण्याची पारदर्शकता मोजण्याची एक सोपी रीत आहे. पांढरी वाटोळी तबकडी दोरीला बांधून पाण्यात सोडावयाची आणि ती कोणत्या खोलीवर दिसेनाशी होते, ते मोजावयाचे. १९५०च्या सुमारास ही तबकडी उन्हाळ्यात तीन मीटरहून अधिक खोलवर दिसत असे. परंतु पुढे ती दर काही वर्षांनी अधिकाधिक वर दिसेनाशी होऊ लागली. एडमंडसन व त्यांचे सहकारी हे सर्व आकडे काळजीपूर्वक टिपून ठेवीत होते.

त्याच सुमारास जेम्स एलिस नावाचे एक तरुण वकील नागरिकांच्या एका समितीचे काम पाहत होते. सरोवराभोवतालच्या सर्व गावांनी एकत्र येऊन सांडपाण्याची एकच व्यवस्था करावी, असा त्यांचा प्रयत्न होता. १९५७ साली एडमंडसन ह्यांनी त्यांना एक लांबलचक पत्र लिहिले. हे पत्र प्रश्नोत्तरांच्या स्वरूपाचे होते. सरोवराला काय होत आहे, काहीच केले नाही तर काय होईल आणि सांडपाणी थांबविले तर काय होईल, हे त्यांनी साध्या शब्दांत समजावून सांगितले. ‘हे असेच चालू राहिले तर पाण्यावर शैवालाचे थर साचतील व दुर्गंधी सुटेल; परंतु पोषक द्रव्ये थांबविली तर सरोवर सुधारेल’, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ होता. विद्वानाने आपले ज्ञान ग्रंथांत कोंडून न ठेवता ते लोकांच्या हाती दिले, हे येथे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

परंतु निर्णय करावयाचा होता तो लोकांनी. १९५८ सालच्या मार्च महिन्यात ह्या योजनेवर मतदान झाले. नियम असा होता, की सिअ‍ॅटल शहरात आणि शहराबाहेरील भागात, दोन्हीकडे वेगवेगळे बहुमत मिळाले पाहिजे. शहरातील मतदारांनी अनुकूल कौल दिला. उपनगरांतील मतदारांनी योजना फेटाळली. ‘आणखी एक सत्ता आमच्या डोक्यावर कशाला? आणखी पट्टी का भरावी?’ असे पुष्कळांना वाटत होते. त्यांचे हे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. योजनेत वाहतूक वगैरे इतर विषयही घातलेले होते आणि तिचे क्षेत्रही मोठे होते. योजनेच्या पुरस्कर्त्यांनी पराभवावरून योग्य तो बोध घेतला. इतर विषय बाजूला ठेवून केवळ सांडपाण्याचा प्रश्न हाती घेतला आणि क्षेत्रही कमी केले. मग ते पुन्हा घरोघर गेले. ‘येथील पाणी दूषित आहे, पोहू नये’ अशा अर्थाच्या पाटीजवळ उभ्या असलेल्या मुलांचे एक छायाचित्र ह्या प्रचारात फार गाजले. सहा महिन्यांनी, सप्टेंबरमध्ये, पुन्हा मतदान झाले आणि ह्या वेळी दोन्ही भागांतील लोकांनी योजना मोठ्या बहुमताने स्वीकारली.

लक्षात घ्या, सरोवर पुरते नासलेले नसतानाच लोकांनी हा निर्णय घेतला. डोळ्यांना दिसणारे संकट टाळण्यास कोणीही धावतो. परंतु अद्याप न दिसणाऱ्या संकटासाठी आज पदरचे पैसे खर्च करणे ह्याला मोठी समज लागते. ह्या कामाला सुमारे १४ कोटी डॉलर लागले आणि त्याचा मोठा भार तेथील रहिवाशांनीच उचलला.

१९६१ साली काम सुरू झाले. सरोवराभोवती प्रचंड नळ घालण्यात आले. दोन मोठी शुद्धीकरण केंद्रे बांधण्यात आली. एकाचे शुद्ध केलेले पाणी प्यूजेट साउंडच्या खोल भागात, तर दुसऱ्याचे त्या खाडीला मिळणाऱ्या नदीत सोडावयाचे होते. परंतु एवढे मोठे काम एका रात्रीत होत नाही. दरम्यान सरोवराची प्रकृती बिघडतच गेली. १९६३-६४च्या सुमारास ती पांढरी तबकडी जेमतेम एक मीटरवर दिसेनाशी होऊ लागली. एका स्थानिक वृत्तपत्राने तर सरोवराचे नाव बदलून त्याला ‘दुर्गंधी सरोवर’ अशा अर्थाचे नवे नावच देऊन टाकले. पैसे खर्च होत आहेत आणि पाणी मात्र सुधारत नाही, हे पाहून त्या वेळी लोकांच्या श्रद्धेची केवढी कसोटी लागली असेल!

१९६३ साली पहिला नळ जोडला गेला. मग एकामागून एक केंद्रांचे पाणी वळविण्यात आले आणि १९६८ साली शेवटच्या केंद्राचेही पाणी सरोवरात येण्याचे थांबले. नद्यांचे स्वच्छ पाणी सरोवरात येतच होते. त्याने सरोवरातील जुने पाणी हळूहळू बाहेर लोटले जाऊ लागले. सरोवरातील सर्व पाणी पालटावयास सुमारे अडीच वर्षे पुरतात, हे त्याचे भाग्य. पाणी स्वच्छ होऊ लागले. १९६८ साली तबकडी पुन्हा सुमारे तीन मीटरपर्यंत दिसू लागली. त्याहून महत्त्वाची गोष्ट एडमंडसन ह्यांच्या मोजमापांत दिसून आली. १९६३ ते १९६९ ह्या काळात सरोवरातील हिवाळ्यातले स्फुरद कमी होऊन पूर्वीच्या शेकडा २८ इतके उरले होते. नत्र मात्र शेकडा ८०हून अधिक शिल्लक होते आणि कर्बाचाही तुटवडा नव्हता. तरीही शैवाल घटले. आणि ते घटले ते स्फुरदाच्या प्रमाणात. बेसन आणि साखर तशीच राहिली, केवळ तूप आटले. आणि लाडू कमी झाले!

पुढे आणखी एक सुखद आश्चर्य घडले. १९७६च्या सुमारास ते धाग्यांसारखे शैवाल जवळजवळ नाहीसे झाले आणि डॅफ्निया नावाचा, पिसवेएवढा एक जलचर सरोवरात विपुल झाला. डॅफ्निया पाणी गाळून त्यांतील बारीक शैवाल खातो. ऑसिलेटोरियाचे लांब धागे त्याच्या गाळण्यात अडकत आणि त्यामुळे त्याचा जम बसत नसे. त्याला खाणारे कोळंबीसारखे बारीक जीवही त्यापूर्वीच कमी झालेले होते. हे अडथळे दूर होताच निसर्गाचा हा चिमुकला सेवक कामाला लागला आणि उन्हाळ्यात तबकडी सहा-सात मीटर खोलपर्यंत दिसू लागली. सरोवर पूर्वीसारखेच नव्हे, तर आठवणीतल्यापेक्षाही अधिक नितळ झाले.

ह्या सर्व गोष्टी पाहूनही काही जण म्हणत, की शैवालवाढीचा दोष स्फुरदाकडे नसून कर्बाकडे आहे. त्या काळी कपडे धुण्याच्या चूर्णांत स्फुरदाचे क्षार पुष्कळ घालीत असत. त्यामुळे हा वाद बराच रंगला. तो मिटविणारा एक प्रयोग शेजारच्या कॅनडा देशात झाला. तेथील ऑन्टॅरिओ प्रांताच्या वायव्य भागात, मनुष्यवस्तीपासून दूर असलेली काही लहान सरोवरे १९६८ साली प्रयोगांसाठी राखून ठेवण्यात आली. त्यांतील २२६ क्रमांकाचे सरोवर मध्ये अरुंद व दोन्ही टोकांना रुंद, म्हणजे डमरूसारखे आहे. डेव्हिड शिंडलर ह्या शास्त्रज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली त्याच्या मधल्या अरुंद भागात प्लास्टिकचा एक भक्कम पडदा तळापर्यंत सोडून त्याचे दोन भाग केले. एका भागात कर्ब आणि नत्र घातले. दुसऱ्या भागात कर्ब, नत्र आणि स्फुरद घातले. पहिला भाग जसाच्या तसा राहिला. दुसरा भाग शैवालाने हिरवागार झाला. विमानातून घेतलेल्या त्या सरोवराच्या छायाचित्रात एक बाजू काळसर निळी व दुसरी हिरवी दिसते. हजार युक्तिवादांनी जे पटले नसते, ते त्या एका छायाचित्राने पटविले. पुढे पुष्कळ देशांनी कपडे धुण्याच्या चूर्णांतील स्फुरदावर बंधने घातली.

ह्यावरून कोणी असे समजू नये, की सरोवरातील घाण समुद्राकडे वळविली, की आपले कर्तव्य संपले. प्यूजेट साउंडचे पाणी खोल आहे आणि भरती-ओहोटीने ते सतत घुसळले जाते. म्हणून तेथे पाणी सोडणे त्या काळी युक्त ठरले. परंतु खाऱ्या पाण्यात बहुधा स्फुरदापेक्षा नत्र दुर्मिळ असते. आणि शुद्धीकरण केंद्रांतून जाणारे नत्र आता त्या खाडीलाही जड होत आहे काय, ह्याची चिंता अलीकडे तेथील लोकांना वाटू लागली आहे. शिवाय प्रत्येक शहराजवळ समुद्र असतो, असेही नाही. म्हणून खरा उपाय हा, की स्फुरद केंद्रातच काढून घ्यावे. त्याच्या रीती आता चांगल्या अवगत झाल्या आहेत. गढूळ पाण्यात तुरटी फिरविली, म्हणजे गाळ खाली बसतो, हे तुम्ही घरी पाहिले असेल. तुरटीच्याच जातीचे किंवा लोहाचे क्षार सांडपाण्यात मिसळले, म्हणजे विरघळलेले स्फुरद त्यांच्याशी संयोग पावते व गाळ होऊन तळाशी बसते. काही सूक्ष्मजंतूंना तर योग्य रीतीने वाढविले असता ते आपल्या शरीरात जास्तीचे स्फुरद साठवितात. मग ते जंतू गाळासह बाहेर काढले, की काम झाले. हे स्फुरद टाकाऊ नव्हे. खडकांतून खणून काढावे लागणारे हेच द्रव्य शेतीला हवे असते. जे सरोवरात शाप होते, तेच शेतात वरदान ठरते.

आपल्याकडील जलाशयांचे दुखणेही ह्याच जातीचे आहे. मुंबईचा पवई तलाव १८९१ साली शहराला पिण्याचे पाणी पुरविण्यासाठी बांधण्यात आला. परंतु आज त्याचे पाणी पिण्याच्या उपयोगाचे राहिलेले नाही. तो आणि कोल्हापूरचा रंकाळा, ह्या दोन्ही तलावांना सांडपाण्याच्या नाल्यांनी ग्रासले आणि जलपर्णीने वेढले. जलपर्णी काढण्यासाठी माणसे आणि यंत्रे कामाला लावावी लागतात. ते कामही आवश्यक आहे. परंतु नाल्यातून येणारे खत चालूच राहिले, तर आज काढलेली जलपर्णी उद्या पुन्हा पसरते. दुखण्याचे मूळ तसेच ठेवून केवळ लक्षणांवर औषध देणाऱ्या वैद्याला यश कसे यावे?

मुलांनो, वॉशिंग्टन सरोवर वाचले, ते कोणा एकाच्या पराक्रमाने नव्हे. एका प्राध्यापकाने वर्षानुवर्षे मोजमापे केली; एका वकिलाने ती लोकांना समजावून दिली; एकदा हार झाली तरी कार्यकर्ते खचले नाहीत; आणि सामान्य गृहस्थांनी दरमहाची पट्टी भरली. ह्यांतील एक दुवा तुटला असता तरी ती कथा निराळी झाली असती. आपल्या घरातील मोरीतून जे पाणी जाते, ते कोठे जाते, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. नजरेआड झाले, की ते नाहीसे झाले असे आपणांस वाटते. परंतु पृथ्वीवर काहीच नाहीसे होत नाही. ते केवळ दुसरीकडे जाते. तुमच्या गावाचे सांडपाणी कोठे जाते, ते एकदा अवश्य शोधून काढा. कदाचित त्या वाटेच्या शेवटी तुम्हांला एखादे तळे भेटेल. ते निरोगी राहावे की त्याला अजीर्ण व्हावे, हे उद्या तुम्हांलाच ठरवावयाचे आहे.

अभ्यास

१. शुद्धीकरण केंद्रातून आलेल्या पाण्यानेही वॉशिंग्टन सरोवर का बिघडले?
२. बेसनाच्या लाडवांचे उदाहरण लेखकाने कोणती गोष्ट समजावून देण्यासाठी घेतले आहे?
३. १९५८ सालच्या पहिल्या मतदानात योजना का फेटाळली गेली? पुढे ती स्वीकारली जावी म्हणून कोणते बदल करण्यात आले?
४. २२६ क्रमांकाच्या सरोवरावरील प्रयोगाचे वर्णन तुमच्या शब्दांत करा. त्यातून काय सिद्ध झाले?
५. ‘जे सरोवरात शाप होते, तेच शेतात वरदान ठरते’, ह्या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
६. तुमच्या गावाचे किंवा शहराचे सांडपाणी कोठे जाते, ह्याची माहिती मिळवा आणि त्यावर दहा-बारा ओळी लिहा.